चाळणीवरचा कोंडा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

गव्हाचे पीठ बारीक चाळणीने चाळले की जाळीवर तपकिरी, हलका, बोटांना किंचित खरखरीत लागणारा कोंडा उरतो. पोळी मऊसूत आणि गोरी व्हावी म्हणून आमच्या घरी हा कोंडा वर्षानुवर्षे बाजूला काढला जात असे. एकदा आठवडाभराचा कोंडा मी टाकून न देता एका डब्यात साठवला. आठव्या दिवशी डबा काठोकाठ भरला, आणि आपण रोज काय फेकून देतो हे डोळ्यांना दिसले. कोंडा माणसाला पचत नाही, म्हणून तो निरुपयोगी समजला गेला. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झाले, त्यातून मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की, आपल्याला जे पचत नाही त्याच्यावरच मोठ्या आतड्याचे पोषण बऱ्याच अंशी अवलंबून असते.

हे कसे, ते समजण्यासाठी आधी हा आजार कसा होतो ते पाहिले पाहिजे. मोठे आतडे म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची एक नळी असून तिच्या शेवटच्या भागाला गुदाशय म्हणतात. या नळीला आतून पेशींचे एक पातळ अस्तर असते आणि ते अस्तर दर चार-पाच दिवसांनी जवळजवळ नवे होते. जिथे पेशी इतक्या वेगाने जुन्या होऊन गळतात आणि नव्या तयार होतात, तिथे पेशीतल्या जनुकांची नक्कल करताना चुका होण्याची संधीही जास्त असते. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करते किंवा बिघडलेली पेशी नष्ट करते. क्वचित एखादी पेशी या पहाऱ्यातून निसटते, वाढत राहते आणि अस्तरावर मांसाचा छोटासा कोंब तयार होतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुसंख्य पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात, परंतु ज्यांचे कर्करोगात रूपांतर होते त्यांनाही त्यासाठी साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या प्रदीर्घ काळात त्या अस्तरावरून रोज काय वाहत जाते, तिथे कोणते जिवाणू वाढतात आणि अस्तराला सूज राहते की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. आहाराचे महत्त्व आहे ते या ठिकाणी.

२०२२ साली जगभरात या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. भारतात त्याचे प्रमाण युरोप किंवा ऑस्ट्रेलियाच्या तुलनेत अजून काही पटींनी कमी आहे. ही आपल्या रक्तातली देणगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. जपानमध्ये एके काळी हा आजार विरळ होता. तिथून हवाई बेटांवर आणि अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत तो एका-दोन पिढ्यांतच अमेरिकन लोकांइतका वाढला. माणसे तीच होती, त्यांची जनुकेही तीच होती, पण ताट आणि राहणी बदलली होती. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आणि तिथेच रुळलेल्या मराठी कुटुंबांनी, आणि खरे तर पुण्या-मुंबईत राहून तसेच खाऊ लागलेल्या कुटुंबांनीही, हे उदाहरण ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

या न पचणाऱ्या भागाला, म्हणजे धान्य, कडधान्य, भाज्या व फळे यांतील तंतूंना (फायबर), चोथा म्हणतात; कोंडा हा त्याचाच एक प्रकार. चोथ्याकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाला जाते. ते अनेक वर्षे युगांडात काम करत होते. ब्रिटनमधील रुग्णालयांत नित्य दिसणारा आतड्याचा कर्करोग तिथल्या खेड्यांतील लोकांत जवळजवळ दिसतच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्न तोंडात गेल्यापासून शरीराबाहेर पडेपर्यंत किती वेळ लागतो हे मोजले. युगांडातील खेडुतांमध्ये तो सुमारे दीड दिवस भरला, तर मैद्याचा पाव खाणाऱ्या ब्रिटिशांमध्ये तीन दिवसांहून अधिक. १९७१ साली बर्किट यांनी मांडलेला तर्क सरळ होता: चोथा भरपूर असला की मल मोठा आणि मऊ होतो, आतड्यातून लवकर पुढे सरकतो आणि त्यातील घातक पदार्थांचा अस्तराशी येणारा संपर्क कमी होतो.

हा तर्क बरोबर असला तरी अपुरा होता, कारण चोथ्याचे अधिक महत्त्वाचे काम त्यानंतरच्या संशोधनातून उलगडले. लहान आतड्यात न पचलेला चोथा जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तिथे राहणारे अब्जावधी जिवाणू तो आंबवतात. घरात डोशाचे पीठ फुगते तशीच ही क्रिया आहे. फरक इतकाच की येथे तयार होणाऱ्या पदार्थांत ब्युटिरेट नावाचे एक लहानसे मेदाम्ल असते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा रक्तातील साखरेऐवजी या ब्युटिरेटपासून मिळवतात. ते अस्तराची सूज कमी ठेवते, आणि प्रयोगशाळेत असेही दिसले आहे की बिघडलेल्या पेशींची वाढ ते रोखते व त्यांना नष्ट होण्यास भाग पाडते. चोथा मिळाला नाही की हे जिवाणू उपाशी राहतात, आणि त्यांतील काही जण आतड्याचे रक्षण करणारा बुळबुळीत थरच खाऊ लागतात.

इथे एका गैरसमजाविषयी लिहिणे आवश्यक आहे. साजूक तुपात ब्युटिरिक आम्ल (म्हणजे ब्युटिरेटच) असते आणि त्यामुळे तूप खाल्ल्याने आतड्याचा कर्करोग टळतो, असे संदेश अलीकडे पुष्कळ फिरतात. तुपात हे आम्ल थोड्या प्रमाणात असते, ही गोष्ट खरी आहे. परंतु तोंडावाटे घेतलेले ब्युटिरेट पचनमार्गाच्या वरच्या भागातच शोषले जाते आणि मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचत नाही. ते जिथे हवे आहे तिथेच तयार व्हावे लागते, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे चोथा होय. वरणभातावर तूप आवडीने घ्यावे, पण त्याच्याकडून हे काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

आहार बदलल्यावर आतड्यात किती लवकर फरक पडतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले, आणि तो वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही. अमेरिकेतील २० कृष्णवर्णीय व्यक्ती आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० व्यक्ती यांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करण्यात आली. अमेरिकन गटाच्या आहारातील चोथा दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला आणि स्निग्ध पदार्थ निम्म्याहून कमी केले. आफ्रिकन गटाला याच्या नेमके उलट, म्हणजे मांस व चरबी भरपूर आणि चोथा नाममात्र, असे जेवण दिले. अवघ्या चौदा दिवसांत अमेरिकन गटाच्या आतड्यातील ब्युटिरेट सुमारे अडीच पट झाले, अस्तराची सूज उतरली आणि पेशी विभागण्याचा वेग मंदावला. आफ्रिकन गटात ब्युटिरेट निम्म्यावर आले आणि सूज वाढली. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही आणि टळतही नाही, त्यामुळे या प्रयोगावरून थेट तसा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु आतडे आपल्या जेवणाची नोंद इतक्या लवकर घेते, हे त्यातून निःसंशय दिसते.

या विषयात सर्व पुरावे एकाच दिशेला जातात असे मात्र नाही, आणि ते वाचकापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात पॉलिप काढलेल्या सुमारे दोन हजार लोकांपैकी निम्म्यांना चार वर्षे भरपूर चोथ्याचा व कमी चरबीचा आहार दिला होता, तरीही नवे पॉलिप दोन्ही गटांत जवळपास सारख्याच, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास लोकांना आले. त्याच वर्षी युरोपातील आणखी एका चाचणीत पॉलिप काढलेल्या रुग्णांना रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल तीन वर्षे देण्यात आले. त्यांना त्याचा फायदा झाला नाहीच, उलट पॉलिप पुन्हा येण्याचे प्रमाण अधिक आढळले. दुसरीकडे, युरोपातील दहा देशांत पाच लाखांहून अधिक लोकांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात, सर्वाधिक चोथा खाणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमी दिसला. या विसंगतीचा मी लावलेला अर्थ असा आहे: ज्या आजाराला आकार घ्यायला दहा वर्षे लागतात, त्याच्यावर आयुष्याच्या उत्तरार्धातील तीन-चार वर्षांचे पथ्य पुरे पडत नाही, आणि धान्य, कडधान्य, भाजी यांतून येणारा चोथा आणि डब्यातून चमच्याने काढलेला चोथा या एकच वस्तू नाहीत. बद्धकोष्ठासाठी वैद्याने सांगितलेले इसबगोल अवश्य घ्यावे, पण जेवणातील उणीव त्याने भरून निघेल असे मानू नये.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे सुचवली आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर बाजरी, नाचणी आणि न चाळलेल्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तो ३ ग्रॅमही भरत नाही. कडधान्यांचे आकडे याहून मोठे आहेत: मटकीत १५, अख्ख्या मुगात १७ आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम.

हे आकडे ताटात मांडून पाहिले म्हणजे खरा फरक कळतो. सकाळी चहाबरोबर खारी किंवा पाव, दुपारी पांढरा भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी बिस्किटे आणि रात्री पुन्हा भात किंवा मैद्याच्या शेवया, असा दिवस गेला तर पोट भरते, परंतु चोथ्याची बेरीज १२ ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. त्याऐवजी दिवसभरात प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी, मूठभर म्हणजे ४० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ, एक वाटी वरण, थोडा भात, मेथीची भाजी आणि एक मध्यम पेरू असे खाल्ले तर ही बेरीज ३५ ग्रॅमच्या आसपास जाते. त्यात एकट्या पेरूचा वाटा ८ ग्रॅम असतो. अख्ख्या धान्याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा असे सांगतो की, दिवसाला ९० ग्रॅम अख्खे धान्य खाणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळतो. आणि ९० ग्रॅम म्हणजे आपल्याकडील दीड भाकरीचे पीठ. गरिबीत घर चालवणाऱ्या बाईचे कौतुक करताना आपण ‘कोंड्याचा मांडा करून’ असे म्हणतो. त्या म्हणीतला कोंडा हे दारिद्र्याचे चिन्ह आहे, पण आतड्याच्या दृष्टीने मांड्यापेक्षा तो कोंडाच अधिक मोलाचा होता.

उपवासाच्या दिवसांविषयी दोन शब्द. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो, त्यामुळे दोन वेळा खिचडी खाल्लेला दिवस आतड्यालाही कडकडीत उपवास घडवतो. राजगिरा, रताळे, दाण्याची आमटी आणि फळे यांना उपवासात चालण्याचा तेवढाच अधिकार आहे, तो त्यांना द्यावा.

ज्यांना चोथ्याची सवय नाही त्यांनी एकदम हरभऱ्याची उसळ वाटीभर खाल्ली तर पोटात गुबारा धरतो आणि ‘हे आपल्याला सोसत नाही’ असा समज होतो. जिवाणूंची संख्या नव्या अन्नाप्रमाणे वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून प्रथम पीठ चाळणे थांबवावे, मग एका वेळच्या भाताच्या जागी भाकरी आणावी, मग आठवड्यातून दोनदा मोड आलेल्या मुगाची उसळ करावी, आणि याबरोबर पाणी वाढवावे. कडधान्य भिजवून, भिजवलेले पाणी ओतून टाकून आणि मोड आणून शिजवले की गॅस पुष्कळ कमी होतो. आतड्याला सूज, अडथळा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज चोथा वाढवू नये.

चोथ्याखालोखाल भक्कम पुरावा दुधाचा आहे. पाच लाख ४० हजारांहून अधिक ब्रिटिश स्त्रियांचा सरासरी १६ वर्षे पाठपुरावा केलेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी कमी दिसला. ३०० मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध किंवा तेवढेच दही. ताक पातळ असेल तर त्यात अर्थातच कमी. स्निग्ध पदार्थ पचवण्यासाठी यकृतातून पित्त येते, त्यातील काही आम्ले मोठ्या आतड्यात पोहोचून अस्तराला इजा करतात, आणि कॅल्शियम त्यांना बांधून बाहेर नेते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. दूध न सोसणाऱ्यांना नाचणी, तीळ आणि राजगिऱ्याचा किंवा शेवग्याचा पाला यांतून कॅल्शियम मिळू शकते, जरी प्रत्यक्ष अभ्यास प्रामुख्याने दुधावर झालेले असले.

धोका वाढवणाऱ्या पदार्थांत प्रक्रिया केलेले मांस पहिले येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून निश्चित झालेल्या पदार्थांत टाकले, आणि मटण, बीफ, पोर्क यांसारख्या लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. तंबाखूही पहिल्याच गटात असल्याने ‘सॉसेज सिगारेटइतकेच घातक’ अशा बातम्या तेव्हा झळकल्या; त्या चुकीच्या होत्या. हा गट पुराव्याची खात्री किती ते सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास धोका १८ टक्क्यांनी वाढतो, याचा अर्थ शंभरातील १८ माणसांना कर्करोग होतो असा नाही. ज्या समाजात शंभरातील सहा जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो, तिथे रोज इतके खाणाऱ्या शंभरांत तो सुमारे सात जणांना होईल. ही वाढ लहान असली तरी खरी आहे, आणि रोजच्या सवयीने ओढवून घेण्याजोगी नक्कीच नाही. हॅम, बेकन, सलामी, सॉसेज हे सर्व यात येतात, आणि मीठ, व्हिनेगर व मसाल्यात मुरवून वाळवलेले गोव्याचे चोरीसही येतात. ते सणासमारंभाला खावेत. मुलांच्या डब्यात रोज सॉसेज किंवा सलामीचे सँडविच देण्याची जी प्रथा शहरांत रुजते आहे, तिची मला अधिक काळजी वाटते.

लाल मांसासाठी जागतिक कर्करोग संशोधन निधीने घातलेली मर्यादा आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅम शिजलेले मांस अशी आहे. ज्या घरी फक्त रविवारी मटण होते, ते घर सहसा या मर्यादेच्या आत असते. कोंबडी आणि मासे या मर्यादेत मोजले जात नाहीत. शिजवण्याची रीतही महत्त्वाची आहे, कारण निखाऱ्यावर किंवा तव्यावर करपलेल्या मांसात कर्करोगाशी संबंध असलेली रसायने तयार होतात. पाण्यात शिजणाऱ्या रश्श्याचे तापमान तितके चढत नाही, त्यामुळे ती तिथे फार कमी तयार होतात.

दारूविषयी लांबण लावण्याची गरज नाही. ती पहिल्याच गटात आहे, आणि जितकी कमी तितका धोका कमी. पोटाचा वाढलेला घेर आणि तंबाखूचे धूम्रपान यांनीही हा धोका वाढतो, तर रोजच्या चालण्या-फिरण्याने तो कमी होतो.

आहाराने धोका कमी होतो, शून्य होत नाही. आयुष्यभर भाकरी आणि उसळ खाल्लेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो, आणि काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. आपल्याकडील सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत. मोठ्या आतड्याचा नाही. त्यामुळे येथे आपण स्वतःच जागरूक राहावे लागते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीपासून, किंवा त्या नातेवाइकाला तो ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून, कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा बसवलेल्या लवचीक नळीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करून घेण्याचा सल्ला दिला जातो. पॉलिप आढळला तर तो त्याच तपासणीत बहुधा काढताही येतो.

आपल्याकडे शौचावाटे रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून महिनोन्महिने घरगुती औषधांवर काढले जातात, संकोचामुळे घरातसुद्धा कोणाला सांगितले जात नाही. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, पण ते तपासल्यावाचून कळत नाही. शौचाच्या सवयीत झालेला आणि काही आठवडे टिकलेला बदल, कारणाविना घटणारे वजन, किंवा पन्नाशीच्या पुरुषाच्या रक्ततपासणीत अचानक कमी आढळलेले हिमोग्लोबिन, यांपैकी काहीही दिसले तर आहार सुधारून वाट पाहत बसू नये. लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावे की हे रक्त नेमके कुठून जाते आहे.